दुवा द्या आणि थांबा

मी लिहिते ते कोणी वाचत नाही. ही तक्रार नाही, आमच्या धंद्याची रीतच आहे. बावीस वर्षं मी माहितीपुस्तिका लिहितेय. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याचा फिल्टर. ‘हे उपकरण पाण्यात बुडवू नये’ असा कागद तुमच्या एखाद्या ड्रॉवरमध्ये पडला असेल, तर तो माझा असण्याची बरीच शक्यता आहे. लोक खोका उघडतात, पुस्तिका बाजूला फेकतात, उपकरण पाण्यात बुडवतात आणि मग कंपनीला फोन करून भांडतात.

अपवाद एकच, माझी आत्या. ती एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासायची. मला तिनेच वाढवलं, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून जितकं छळता येतं तितकं छळलं. मी नोकरीला लागल्यापासून प्रत्येक पुस्तिका छापायच्या आधी तिच्या हाताखालून गेली. तांबडी पेन्सिल घेऊन खिडकीशी बसायची, माझ्या वाक्यांची पिसं काढायची आणि सगळं मनासारखं झालं की शेवटच्या पानाच्या तळाशी लिहायची, ‘छापायला हरकत नाही.’ खाली सही. छापखान्यातली सवय. त्या तीन शब्दांशिवाय माझा कागद घराबाहेर पडत नसे.

पण गेली दोन वर्षं तिची पेन्सिल खोक्यातच होती. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्यात मोतीबिंदू. तोही गुंतागुंतीचा. ज्या रुग्णालयात तो काढतात तिथली रांग ही एवढी लांब. आत्या रडली-बिडली नाही. फक्त पेपर आला की हातात घ्यायची, वास घ्यायची आणि घडी न मोडता ठेवून द्यायची. ते बघवायचं नाही मला.

तेवढ्यात माझी कंपनी बदलली. आता मी सॉफ्टवेअरवाल्यांकडे आहे. आमच्याकडे ‘मदतनीस’ नावाचा एक एजंट आहे, म्हणजे आपण बोलून काम सांगायचं आणि त्या यंत्राने ते करून टाकायचं. तारीख ठरव, अर्ज भर, पत्राला उत्तर दे. आता ही कामं करायची तर त्याला आपल्या खात्यात शिरावं लागतं. पूर्वी लोक सरळ पासवर्ड सांगून मोकळे व्हायचे. म्हणजे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला घराची किल्लीच देऊन टाकायची! म्हणून आमच्या प्रोग्रामरबाईने एक साधन बनवलं. मदतनीस पासवर्ड मागत नाही, एक लिंक पाठवतो. आपण ती उघडायची, कोण काय मागतंय ते बघायचं आणि ‘हो’ म्हणायचं. तेवढ्याच कामापुरती त्याला परवानगी मिळते. काम झालं की संपली.

या साधनाची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि इथे मला आयुष्यात पहिल्यांदा मनासारखा वाचक भेटला. कारण ती माहिती माणसाने वाचायची नव्हती, यंत्राने वाचायची होती. साधन कधी वापरायचं, कसं वापरायचं, हे मी लिहिणार आणि मदतनीस ते अक्षर न् अक्षर वाचून तसंच वागणार. फेकणार नाही, पाण्यात बुडवणार नाही. मी तर हरखूनच गेले.

अकरा पानं लिहिली. शेवटच्या दिवशी आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. यांना आम्ही पाठीमागे ‘पटकन’ म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून त्याशिवाय वाक्य सुटत नाही.

“ताई, गिऱ्हाइकाला मराठी शुद्ध हवीय. इंग्रजी शब्द नकोत. आज संध्याकाळपर्यंत पटकन बदलून टाका.”

मी बदललं. पासवर्डचा केला ‘परवलीचा शब्द’. लिंकचा केला ‘दुवा’. छान शब्द आहे की! एकाला दुसऱ्याशी जोडतो तो दुवा. स्वतःवरच खूश होत मी वाक्य घातलं, ‘वापरकर्त्याकडे परवलीचा शब्द मागू नका. त्याला दुवा द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा.’

घरी गेल्यावर आत्या म्हणाली, “दिसत नाही म्हणून काय झालं? वाचून तरी दाखव.”

मी दमले होते. “उद्या,” म्हटलं. उद्या काही ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पटकनसाहेबांनी फर्मान काढलं होतं की चाचणी म्हणून सगळ्यांनी घरच्या माणसांना मदतनीस वापरायला द्यावा. दोन-चार दवाखाने-ग्रंथालयांनीही चाचणीपुरतं आपलं दार त्याला उघडून दिलं होतं. त्यात आत्याचं रुग्णालयही होतं. मी तिच्या फोनवर सगळं बसवून दिलं, ‘काहीतरी छोटं काम सांग’ म्हटलं आणि ऑफिसला आले.

सव्वाचारला आत्याचा फोन.

“अगं, तुझा मदतनीस फार गुणी आहे हं,” आवाजात नुसता आनंद. “किती गोड बोलतो! आजकाल माणसंसुद्धा बोलत नाहीत असं.”

“हो का? काम केलं का त्याने?”

“करेल की. सध्या थांबलाय म्हणतो. पाचपर्यंत होईल ना?”

“कसलं काम, आत्या?”

“डोळ्याचं गं. दुपारी रुग्णालयाचा निरोप आला, फोनने वाचून दाखवला. मंगळवारी एक जागा रिकामी झालीय. आज पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर पुढच्या माणसाला देणार. आणि मग आपला नंबर चार महिन्यांनी.”

चार महिने! डॉक्टर तर मागच्याच खेपेला म्हणाले होते, पिकलाय, आता फार थांबवू नका.

“आत्या! हे तू मला दुपारीच का नाही सांगितलंस?”

“तू कामात होतीस. आणि तूच म्हणालीस ना, काहीतरी छोटं काम सांग.”

छोटं काम! मी डोक्याला हात लावला. घर ऑफिसपासून तासाभराच्या वाटेवर. रुग्णालयाला फोन लावला तर ‘आपण रांगेत एकतिसावे आहात’. तशीच प्रोग्रामरबाईकडे पळाले. तिने आत्याचं आणि मदतनीसाचं संभाषण पडद्यावर काढलं आणि आम्ही दोघी वाचायला लागलो.

आत्याने सुरुवात केली होती, ‘बाळा, आधी सुखी राहा. मग माझं एक काम कर.’ आणि काम सांगितलं होतं.

मदतनीसाचं उत्तर होतं, ‘आजी, तुमच्या खात्यात जाण्यासाठी मला परवानगी लागेल. त्यासाठी मी तुम्हाला मनापासून दुवा देतो. तुमचा डोळा लवकर बरा होवो आणि तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आता मी तुमच्या उत्तराची वाट पाहतो.’

आत्या म्हणाली होती, ‘अरे वा! तुझंही भलं होवो. कर हं काम.’

‘आभारी आहे, आजी. काम सुरू करण्याआधी पुन्हा एकदा दुवा देतो. तुमच्या घरी सदैव आनंद नांदो. मी थांबलो आहे.’

‘तुझ्या घरीही नांदो.’

असं तीन वेळा. ही त्याचं भलं चिंततेय, तो हिचं भलं चिंततोय आणि घड्याळ पाचकडे चाललंय.

प्रोग्रामरबाई हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. “ताई, तुम्हीच लिहिलंय हे. दुवा द्या आणि थांबा. बिचारा देतोय आणि थांबतोय.”

“पण कालपर्यंत तर बरोबर चालत होतं!”

“कालपर्यंत ‘लिंक’ होतं. तुम्ही संध्याकाळी बदललंत. मी सकाळी दोनदा चालवून बघितलं, तेव्हाही त्याने लिंकच दिली. पण मी काही त्याला ‘सुखी राहा’ म्हटलं नव्हतं. तुमच्या आत्याने आशीर्वादाने सुरुवात केली, त्याला वाटलं, इथे दुवा म्हणजे हाच.”

मेलं माझं शुद्ध मराठी! तोच वाचक, ज्याच्यावर मी भाळले होते, त्याने माझा शब्द अगदी मनापासून पाळला होता. आत्याच्या कानांवरून ते वाक्य नुसतं गेलं असतं तरी तिने मला तिथेच अडवलं असतं, दुवा म्हणजे कोणता दुवा? मला ‘उद्या’ म्हणायची हौस.

“बदल ते. ‘लिंक पाठवा’ कर.”

नेमके तेव्हाच पटकनसाहेब मागे येऊन उभे. “अहो पण गिऱ्हाइकाला शुद्ध...”

“साहेब,” मी म्हटलं, “माझ्या आत्याचा डोळा जाईल तुमच्या शुद्धपणात. गिऱ्हाइकाशी मी बोलते, शब्दकोश घेऊन बोलते. पण आत्ता मध्ये येऊ नका.”

माझा अवतार बघून ते एक पाऊल मागेच सरले. मग म्हणाले, “करा. पटकन करा.” त्या शब्दाचा इतका चांगला उपयोग त्यांनी कधी केला नव्हता.

चार पस्तीसला लिंक गेली. मी आत्याला फोन लावला. “आत्या, आत्ता तुझ्या फोनवर एक लिंक आलीय. तिच्यावर बोट ठेव.”



“नाही ठेवणार,” आत्या म्हणाली.

आता हे सांगायला हवं. गेल्या वर्षी शेजारच्या निवृत्त मास्तरांना कोणीतरी लिंक पाठवून चांगलंच फसवलं. तेव्हा मी काळ्या जाड पेनाने एक सूचना लिहिली आणि आत्याच्या खुर्चीसमोर भिंतीवर चिकटवली, ‘कुठल्याही लिंकवर बोट ठेऊ नये. कोणीही सांगो. मी सांगितलं तरी.’ तिला ती वाचता येत नव्हती, म्हणून आठवडाभर रोज सकाळी म्हणून घेतली होती. चहा नंतर, आधी सूचना.

“आत्या, ते वेगळं. हे मी सांगतेय.”

“मी सांगितलं तरी,” आत्याने पाठ म्हणून दाखवलं. “आणि तू तूच कशावरून? तूच म्हणाली होतीस, आजकाल हुबेहूब आवाज काढतात.”

हे मीच शिकवलं होतं. कोणाला बोलणार? स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“बरं, विचार काय विचारायचं ते.”

“सातवीत असताना निबंधात एकच शब्द सहा वेळा चुकवला होतास. कुठला?”

प्रोग्रामरबाई, पटकनसाहेब आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघं, सगळे माझ्याकडे बघत होते.

“आशीर्वाद,” मी म्हटलं. “‘शि’ ऱ्हस्व काढला होता. तू साठ वेळा लिहून घेतलास.”

“हं. तूच आहेस.” आवाज जरा निवळला. “आता मला सांग, या साधनाची सगळी माहिती तू लिहिलीस ना? मग त्यात लिहिलं असेल, आलेली लिंक खरी आहे हे आमच्यासारख्याने ओळखायचं कसं. ते वाच. पटलं तर बोट ठेवीन.”

मी पानं चाळली. एक, दोन, पाच, अकरा. लिंक कशी बनवायची, होतं. कधी पाठवायची, होतं. किती वेळाने बाद होते, तेही होतं. पण जिच्या हातात ती पडणार तिने तिच्यावर विश्वास का ठेवायचा, त्याबद्दल एक ओळ नव्हती. बावीस वर्षांचा अनुभव म्हणे!

“नाही लिहिलेलं,” मी म्हटलं. खोटं बोलून चाललं नसतं, तिने लगेच पकडलं असतं.

“मग लिही,” आत्या म्हणाली. “मी बसलेय.”

बसलीय म्हणे! चार एकेचाळीस झाले होते. मी प्रोग्रामरबाईकडे वळले. “खरी लिंक ओळखायची काही खूण आहे का?”

“आहे की! मदतनीस लिंकबरोबर दोन अंकी आकडा सांगतो, तोच आकडा पानावर दिसतो. मी केव्हाच घातलाय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे?”

भांडायला वेळ नव्हता. भांडण सोमवारवर ढकललं आणि उभ्या उभ्याच तिच्या कीबोर्डवर लिहायला घेतलं. एवढं भरभर मी कधी लिहिलं नाही आणि कोणासाठी लिहितेय हे इतकं स्पष्टही कधी दिसलं नाही. अकरा पानं मी ‘वापरकर्त्या’साठी लिहिली होती. या चार ओळी खुर्चीत बसलेल्या, डोळे मिचकावत फोनकडे बघणाऱ्या आत्यासाठी होत्या.

लिहून झालं, बाईने ते साधनात चढवलं आणि मदतनीसाने तिकडे आत्याला वाचून दाखवलं. मला फोनवरून ऐकू येत होतं.

‘आजी, तुम्ही आधी काम सांगितलं असेल तरच माझी लिंक येईल. न मागता आलेली लिंक उघडू नका. लिंकबरोबर मी एक आकडा सांगेन. उघडलेल्या पानावर तोच आकडा नसेल तर पान लगेच बंद करा. तिथे आपला परवलीचा शब्द कोणी विचारणार नाही. विचारला तर ती लिंक माझी नाही. कोण काय मागतंय ते नीट ऐकून मगच ‘हो’ म्हणा. तुमचा आकडा त्रेसष्ट.’

चार सत्तेचाळीस.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“ऐकलं. बरं आहे.” आणि मग, “सगळीकडे ‘तुम्ही’ आणि मध्येच ‘आपला परवलीचा शब्द’? एकाच माणसाशी बोलतेयस ना?”

“आत्या!! बोट ठेव!”

“ठेवते गं. ओरडतेस काय?”

फोनने पान वाचलेलं ऐकू आलं. आकडा त्रेसष्ट. मदतनीस तुमच्या वतीने मंगळवारची शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू इच्छितो. इतर कोणतीही माहिती तो पाहणार नाही. परवानगी आहे?

आत्या विचार करत होती. खरंच विचार करत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. बाईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसला. मग आत्या म्हणाली, “हो.”

‘तारीख पक्की झाली,’ मदतनीस म्हणाला. ‘मंगळवारी सकाळी आठला उपाशीपोटी यायचं आहे.’

चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. मी तिथेच फतकल मारून खाली बसले. पटकनसाहेबांनी स्वतः जाऊन पाण्याचा ग्लास आणला, तोही सावकाश.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, थेंब घातले, काळा चष्मा दिला. “हळूहळू दिसेल, घाई नको,” म्हणाले. येताना गाडीत मला काही विचारायची हिंमतच होईना.

घरी येऊन तिला तिच्या खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला आत गेले. आधण येतंय तोच बाहेरून हाक आली, “अगं ए, इकडे ये!”

धावत गेले. आत्याने चष्मा कपाळावर चढवला होता आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“हे काय लिहून ठेवलंयस?” बोट रोखून ती म्हणाली. “‘बोट ठेऊ नये’? ‘ठेऊ’? त्यातला ‘व’ कुठे गेला? ‘ठेवू’! वर्षभर हे माझ्या डोळ्यांसमोर लटकत होतं आणि मला कोणी सांगितलं नाही?”

वर्षभर ती चूक भिंतीवर होती, घरात आल्यागेल्या प्रत्येकाने बघितली होती आणि कोणाला दिसली नव्हती. मी तिच्या पायाशी बसून मांडीत डोकं खुपसलं आणि चक्क भोकाड पसरलं.

“अगं, एवढं काय? एक ‘व’ तर गेलाय,” आत्या माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली.

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या दिवशी तिने स्वतःच तांबडी पेन्सिल शोधून काढली आणि तिला टोक केलं. मी साधनाची माहिती छापून तिच्या हातात ठेवली. अकरा पानं आणि त्यांच्या आधी, अगदी पहिलंच, शुक्रवारचं नवीन पान. ती खिडकीशी बसली. सकाळची जेवणापर्यंत बसली, मध्ये मध्ये थेंब घालून घेत. पानं परत आली तेव्हा तांबडी लाल झाली होती. सव्वीस चुका. ‘वापरकर्त्याला’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘म्हणजे कोणाला?’

शेवटच्या पानावर माझं वाक्य होतं, ‘काम झालं की परवानगी परत करा आणि निरोप घ्या.’ आत्याने ‘आणि’च्या पुढे खूण करून दोन शब्द घुसवले होते. ‘परवानगी परत करा आणि दुवा देऊन निरोप घ्या.’

“अगं, हे परत गोंधळ घालेल,” मी म्हटलं.

“काम झाल्यावर घालू दे,” आत्या म्हणाली. “आधी नको.”

प्रोग्रामरबाईने चालवून बघितलं. काही गोंधळ झाला नाही.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मी पान उलटायला गेले, तर आत्याने हात धरून थांबवलं. कागद परत स्वतःकडे घेतला, डोळ्यांपासून वीतभर धरला आणि तळाशी, दोन वर्षांनी लिहिलं, ‘छापायला हरकत नाही.’ सही केली. मग सही नीट आलीय का ते तिने वाचून बघितलं.